युद्धनौका पुन्हा समुद्रात लोटणारा सुतार : लवजी नसरवानजी वाडिया

घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या कांजूरमार्गला नौदलाच्या मुलकी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. तिथून सकाळची लोकल पकडून सीएसएमटीला उतरायचे आणि गर्दीबरोबर चालत लायन गेट गाठायचे, हा गोदी कामगारांच्या कित्येक पिढ्यांचा नित्यक्रम. फाटकाच्या आत, नौदलाच्या गोदीवाड्यात, दगडी बांधणीची एक जुनी सुकी गोदी आहे. तिचे पहिले काम १७५० साली पूर्ण झाले. ती उभारणारा माणूस इंजिनीअर नव्हता, सरदार नव्हता, सावकारही नव्हता. तो सुरतेहून आलेला एक पारशी सुतार होता. त्याचे नाव लवजी नसरवानजी वाडिया.

वाडिया घराण्याचे नाव मुंबईकरांना अपरिचित नाही. या घराण्याने बांधलेल्या जहाजांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र लवजींच्या हयातीत मुंबईच्या गोदीला जे महत्त्व आले, ते नव्या जहाजांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जुन्या जहाजांच्या दुरुस्तीमुळे आले. अठराव्या शतकातील सागरी युद्धांत लढाई एका दिवसात उरकत असे. त्यानंतर फुटके आरमार पुन्हा लढण्याजोगे कोण लवकर करतो, यावर पुढच्या वर्षाचा निकाल ठरे. तो निकाल इंग्रजांच्या बाजूने झुकवण्यात लवजींच्या करवतीचा आणि तासणीचा वाटा मोठा आहे. मराठी माणसाने ही कथा वाचताना मनात कौतुकाबरोबर थोडी खंतही उमटते, कारण या गोदीतून सज्ज होऊन निघालेल्या जहाजांनी पहिला मोठा घाव घातला तो कोकणच्या आरमारावर.

लवजींचा जन्म १७०२ च्या सुमारास सुरतेत झाला. सुरत हे त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत गजबजलेले बंदर. मक्केचे यात्रेकरू, अरबी व्यापारी, इंग्रज, डच आणि फ्रेंच वखारवाले या साऱ्यांना जहाजे लागत आणि ती बांधणारे पारशी कारागीर तापीच्या काठी पिढ्यान् पिढ्या काम करीत. जहाज बांधणाऱ्याला तिकडे वाडिया म्हणत. धंद्याचे हे नाव पुढे घराण्याचे आडनाव झाले. लवजी धनजीभाई नावाच्या जहाजबांधणीकाराकडे मुकादम होते. इंग्रजी शिक्षणाचा प्रश्नच नव्हता. लाकडाची पारख, मापाची अचूकता आणि माणसांकडून काम करून घेण्याची हातोटी, एवढेच त्यांचे भांडवल.

१७३५ साली कंपनीचा डडली नावाचा अधिकारी मुंबईहून सुरतेला आला. कंपनीसाठी ‘क्वीन’ नावाचे जहाज तेथे बांधले जात होते. त्या कामावरचा हा तरुण मुकादम डडलीच्या नजरेत भरला. मुंबईला स्वतःची गोदी वाढवायची तर असा माणूस हवा, हे ओळखून त्याने लवजींना मुंबईला येण्याचा आग्रह केला. लवजींनी मालकाला मध्येच सोडून जाण्यास नकार दिला. जहाज पूर्ण होऊन ताब्यात दिले गेले, मुंबई सरकारने रीतसर मागणी केली आणि मालकाने संमती दिली, तेव्हाच म्हणजे १७३६ साली, मोजक्या सुतारांना बरोबर घेऊन ते मुंबईत दाखल झाले. घेतलेले काम तडीस नेल्याशिवाय हलायचे नाही, हा त्यांचा स्वभाव पुढे अडतीस वर्षे मुंबईने अनुभवला.

लवजी आले तेव्हाची मुंबई म्हणजे किल्ला, त्याभोवतीची वस्ती, माडांच्या बागा आणि भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदली. माहीमची खाडी ओलांडली की दुसऱ्याचे राज्य सुरू होई. आज ज्याला आपण उपनगर म्हणतो ते अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सारे साष्टी बेटात मोडत होते आणि साष्टी पोर्तुगीजांची होती. लवजींच्या आगमनाला वर्षही झाले नसेल, तोच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर लवजींच्या संपूर्ण उमेदीच्या काळात मुंबई बेटाच्या उत्तरेला पेशव्यांचा अंमल होता आणि दक्षिणेला समुद्रात आंग्र्यांच्या गुराबा फिरत होत्या. चहूकडून वेढलेल्या त्या बेटाला तगून राहायचे तर जहाजे हवीत, आणि जहाजे टिकवायची तर ती दुरुस्त करणारे हात हवेत, ही कंपनीची निकड होती.

पहिली अडचण लाकडाची होती. सागवान आतल्या जंगलांतून यायचे आणि त्याचा पुरवठा ठेकेदारांच्या मर्जीवर चाले. ही जबाबदारी लवजींकडे सोपवण्यात आली. कुटुंबाला आणण्यासाठी ते सुरतेकडे गेले, तेव्हा वाटेतल्या मुलखातील प्रमुखांशी आणि वनवासी जमातींशी बोलणी करून त्यांनी गोदीसाठी लाकडाचा खात्रीचा ओघ बांधून घेतला. सागवानाचे मोल त्यांना ठाऊक होते. इंग्लंडमधील ओकच्या लाकडात लोखंडी खिळे गंजतात आणि त्याभोवतीचे लाकूड कुजते. सागातील तेलामुळे खिळेही टिकतात आणि फळ्याही. उष्ण हवेत सागवानी जहाज ओकच्या जहाजापेक्षा कितीतरी अधिक वर्षे चाले.

परंतु साग असो वा ओक, उष्ण समुद्रात लाकडी जहाजाचा खरा शत्रू पाण्याखाली असतो. तळावर शेवाळ आणि कालवे चढतात, त्यामुळे वेग मंदावतो. त्याहून भयंकर असतो लाकूड पोखरणारा समुद्री किडा. बाहेरून सुईच्या अग्राएवढे छिद्र दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. तळाला तांब्याचा पत्रा मारण्याची पद्धत इंग्रजी आरमारात सर्रास रूढ झाली ती १७८० च्या आसपास. तोपर्यंत मूळ तळावर आणखी एक फळ्यांचा थर ठोकून किड्याला तो खाऊ द्यायचा आणि ठरावीक काळाने बदलायचा, एवढाच उपाय होता. त्यासाठी जहाजाचा तळ उघडा करणे भाग असे. गोदी नसेल तर तोफा, दारूगोळा, पिंपे, डोलकाठ्या सारे उतरवून जहाज दोरखंडांनी एका कुशीवर ओढायचे, उघडी पडलेली बाजू साफ करायची आणि मग दुसऱ्या कुशीवर तेच. या ओढाताणीत जुन्या जहाजाचे सांधे खिळखिळे होत. शिवाय कुशीवर कलंडलेली युद्धनौका शत्रूपुढे निव्वळ असहाय असे.

याची किंमत काय असते ते इंग्रजांना १७४६ मध्ये कळले होते. फ्रेंचांशी युद्ध चालू असताना कोरोमंडल किनाऱ्यावर कमोडोर पेटन याच्या तुकडीतील ‘मेडवे’ या मोठ्या जहाजाला इतकी गळती लागली होती, की त्याने पुन्हा झुंज घेण्याचे टाळले आणि तुकडी बंगालकडे निघून गेली. फ्रेंचांना मोकळे रान मिळाले आणि सप्टेंबरमध्ये मद्रास त्यांच्या हाती पडले. एका जहाजाच्या फुटक्या तळाचा त्या शहराच्या भवितव्याशी असा संबंध होता.

मुंबईला निसर्गाने एक देणगी दिली होती, ती म्हणजे भरती-ओहोटीतील अंतर. उधाणाच्या वेळी येथे समुद्र चार ते पाच मीटर चढतो आणि तितकाच उतरतो. लवजी आणि त्यांचे बंधू सोराबजी यांनी या देणगीचा उपयोग करून घेतला. किनाऱ्यात खोल दगडी हौद बांधायचा, त्याला समुद्राच्या बाजूने दरवाजा ठेवायचा, उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचे आणि दरवाजा बंद करायचा. जहाज आधारांवर सरळ उभे राहते आणि सुतार कोरड्या जमिनीवर उभा राहून तळाचा प्रत्येक इंच तपासू शकतो. १७५० साली बांधलेली ही पहिली गोदी २०९ फूट लांब, ४७ फूट रुंद आणि १५ फूट खोल होती. खर्चाचा अंदाज होता सुमारे १२,००० रुपये. भारताच्या किनाऱ्यावर युरोपीयांच्या दुसऱ्या कोणत्याही बंदरात त्या वेळी अशी सोय नव्हती.

मराठ्यांना ही विद्या ठाऊक नव्हती असे मात्र समजू नये. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत खडक फोडून तयार केलेल्या आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. तेथेही भरतीच्या पाण्यावर गुराबा आत घेऊन दुरुस्त केल्या जात. कोकणातील सुतार कसबात कोणाहून कमी नव्हते. फरक पडला तो पाठबळात. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, मुलांमध्ये भाऊबंदकी माजली आणि त्यांतील तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे हाडवैर झाले. अखेर नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींना नमवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ च्या वसंतात सुवर्णदुर्ग पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲडमिरल वॉटसन याचे राजाचे आरमार मुंबईत आले. त्यातील ५० ते ७० तोफांच्या मोठ्या नौका दीर्घ प्रवासाने झिजल्या होत्या.

पुढचे सुमारे तीन महिने लवजींच्या गोदीवाड्याला उसंत नव्हती. तळ घासणे, पोखरलेल्या फळ्या काढून नव्या बसवणे, सांध्यांत कापूस ठासून त्यावर राळ ओतणे, शिडे आणि दोर बदलणे, अशी ती कामे. फेब्रुवारी १७५६ मध्ये हे आरमार मुंबईहून निघाले. रॉबर्ट क्लाइव्ह सैन्यासह त्याच्याबरोबर होता. १२ फेब्रुवारीला विजयदुर्गावर तोफांचा भडिमार सुरू झाला. किल्ल्याखाली नांगरलेल्या जहाजांपैकी, आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ला आग लागली, ती शेजारच्या गुराबांवर पसरली आणि तुळाजींचे अवघे आरमार त्या एका दुपारी भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. पेशव्यांना भाऊबंदकीतला काटा निघाल्याचे समाधान मिळाले. पण कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना रोखू शकणारे बळ संपले. आगीत गेलेली जहाजे कोणत्याच गोदीत दुरुस्त होणार नव्हती.

लवजींना या सगळ्याबद्दल काय वाटले असेल, याचा माग लागत नाही. ते कंपनीचे चाकर होते आणि समोर आलेले जहाज नीट करणे हा त्यांचा धर्म होता. मराठी राज्याशी त्यांचे वैर नव्हते आणि त्या राज्याने त्यांना कधी बोलावलेही नव्हते.

त्यांच्या गोदीची खरी कसोटी लागली ती त्यानंतर. १७५६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात सप्तवार्षिक युद्ध पेटले आणि त्याची झळ कोरोमंडल किनाऱ्याला पोहोचली. १७५७ मध्ये वॉटसन कलकत्त्यात मरण पावला आणि इंग्रज आरमाराची सूत्रे जॉर्ज पोकॉक याच्याकडे आली. समोर फ्रेंच सेनापती दाशे होता. १७५८ च्या २९ एप्रिलला, ३ ऑगस्टला आणि १७५९ च्या १० सप्टेंबरला अशा तीन लढाया झाल्या. आश्चर्य म्हणजे त्या तिन्ही लढायांत तोफांच्या माऱ्याने एकही मोठी नौका बुडाली नाही. फ्रेंच गोलंदाज शिडे आणि डोलकाठ्या यांवर नेम धरत, त्यामुळे इंग्रज जहाजे लंगडी होत आणि पाठलाग करू शकत नसत. इंग्रज तळाच्या अंगाला मारा करत, त्यामुळे फ्रेंचांची माणसे अधिक मरत. दोन्ही आरमारे जर्जर होऊन एकमेकांपासून दूर होत. यापुढचा सामना होता दुरुस्तीचा.

मद्रास आणि पुदुच्चेरी हे दोन्ही उघडे किनारे. ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की तेथे नांगर टाकून राहणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. दोघांनाही आसरा शोधावा लागे. १७५८ च्या सप्टेंबरमध्ये दाशे मॉरिशसला निघून गेला. तेथे बंदर उत्तम, पण सुकी गोदी नव्हती, जहाजांचे सामान तुटपुंजे होते आणि एवढ्या खलाशांना पुरेल इतके धान्यही नव्हते. अन्न आणण्यासाठी त्याला काही जहाजे दूर केप ऑफ गुड होपला धाडावी लागली. पोकॉक वर्षाअखेरीस मुंबईत पोहोचला. त्याला सागवान, दोर, कापूस, राळ, कुशल सुतार आणि गोदी हे सारे एकाच जागी मिळाले. मलबारकडून येणाऱ्या उंच, सरळ पून वृक्षांच्या खोडांपासून डोलकाठ्या होत. एप्रिल १७५९ मध्ये त्याचे आरमार धडधाकट होऊन पूर्व किनाऱ्याकडे निघाले. दाशे तिथे परतला तो सप्टेंबर उजाडल्यावर, म्हणजे मोसम संपता संपता. तिसरी लढाई लढून १ ऑक्टोबर १७५९ रोजी त्याने पुदुच्चेरी सोडले आणि तो पुन्हा कधीच आला नाही.

त्यानंतर पुदुच्चेरीला समुद्रमार्गे मदत मिळण्याची आशा मावळली. १७६१ च्या १ जानेवारीला झालेल्या भीषण वादळात वेढा घालणाऱ्या इंग्रज आरमाराची अनेक जहाजे बुडाली किंवा फुटली, तरी उरलेल्यांनी नाकेबंदी सोडली नाही, आणि १६ जानेवारीला शहर शरण आले. भारतात फ्रेंच राज्य उभे राहण्याची शक्यता तेथे जवळपास संपली. त्यानंतर अवघ्या दोन दिवस आधी घडलेल्या पानिपताची वार्ता दख्खनभर पसरली. हिंदुस्थानचा पुढचा धनी कोण, हे त्या आठवड्यात बरेचसे ठरले. या घटनांत क्लाइव्ह, लाली, पोकॉक यांची नावे इतिहासाने नोंदवली. गोदीत कंदिलाच्या उजेडात ओहोटीची वेळ साधत फळ्या बसवणाऱ्यांची नावे फारशी कुठे आली नाहीत.

कंपनीला मात्र गोदीचे मोल उमगले होते. पहिल्या गोदीला जोडून १७६२ मध्ये दुसरी आणि १७६५ मध्ये तिसरी बांधली गेली. त्यामुळे एका वेळी अनेक जहाजांचे काम होऊ लागले. लवजी आता साठी ओलांडलेले मुख्य बांधणीकार होते. मुंबईच्या पारशी समाजात त्यांना मान होता, गव्हर्नर आणि ॲडमिरल त्यांचा सल्ला घेत. तरीही त्यांचा डामडौल कधी वाढला नाही. लाकूड, लोखंड, दोर यांची लाखोंची खरेदी ज्याच्या शब्दावर होई, त्याला त्या काळी अमाप धन जोडता आले असते. कंपनीचे कित्येक अधिकारी तेच करीत होते.

नातू गोदीत आले तेव्हाची हकिकत लवजींचा स्वभाव सांगते. मुलगा माणेकजी याचा फ्रामजी आणि मुलगा बमनजी याचा जमशेटजी, या दोघांना त्यांनी कोणत्याही सवलतीशिवाय साध्या सुतारांत उभे केले. पगार महिना १२ रुपये. मुख्य बांधणीकाराच्या नातवांनी रंधा मारत, घाम गाळत विद्या शिकावी, अशी आजोबांची शिस्त होती. याच जमशेटजींनी पुढे इंग्लंडच्या राजाच्या आरमारासाठी मुंबईत मोठ्या युद्धनौका बांधल्या. १८१० सालची ‘मिंडेन’ त्यांचीच. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे.

लवजी १७७४ मध्ये वारले. मागे राहिले एक घर आणि २०,००० रुपयांहून कमी रक्कम. अडतीस वर्षे ज्याच्या हातून राजाचे आणि कंपनीचे आरमार गेले, त्याची एवढीच माया. त्यांच्यामागून माणेकजी आणि बमनजी यांच्याकडे गोदीची सूत्रे आली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १७७४ रोजी, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी मराठ्यांच्या हातून गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे मुंबईशी जोडली जाण्याची सुरुवात तेथे झाली. लवजींनी मुंबईत घालवलेला काळ आणि साष्टीवरील मराठी अंमलाचा काळ जवळजवळ एकच ठरतो.

सालबाईच्या त्या वर्षीच लवजींच्या मुलांनी बापाचा धडा पुन्हा गिरवला. फ्रेंच सेनानी सुफ्रां याच्याशी एका वर्षात चार झुंजी घेऊन मोडकळीस आलेले ॲडमिरल ह्यूजचे आरमार डिसेंबर १७८२ मध्ये मुंबईला आले आणि दुरुस्त होऊन पुन्हा पूर्व किनाऱ्यावर गेले. सुफ्रां हा ह्यूजहून सरस सेनानी मानला जातो. पण त्याच्यापाशी मुंबईसारखी गोदी नव्हती. सुमात्रा बेटावरील आचेनच्या आश्रयाला जाऊन, मिळेल त्या सामानावर त्याला जहाजे सावरावी लागली. लवजींपासून सुरू झालेली मुख्य बांधणीकारांची परंपरा या घराण्यात १८८५ पर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे वर्षे चालली.

स्वातंत्र्यानंतर हा गोदीवाडा भारतीय नौदलाचा झाला. ज्या गोदीत विजयदुर्गावर चालून जाणारी जहाजे सज्ज झाली, त्याच गोदीवाड्यात आज आपल्या युद्धनौकांची देखभाल होते. विजय मिळवणाऱ्या नौकेचे नाव वर्तमानपत्रात येते. ती नौका वेळेवर समुद्रात जावी म्हणून रात्रपाळी करणारा कारागीर पहाटेच्या गाडीने कांजूरला, डोंबिवलीला किंवा बोरिवलीला परततो. लवजी नसरवानजी वाडिया हे त्या कारागिराचे मूळ पुरुष. सत्ता कोणाची यावर त्यांचा हुकूम चालत नव्हता, पण हाती घेतलेल्या कामात त्यांनी कसूर केली नाही. मोठी आरमारे आणि मोठी राज्ये अशा माणसांच्या बळावर उभी राहतात. ज्या राज्याला आपल्या लवजींची ओळख पटली नाही, त्याची जहाजे विजयदुर्गाच्या पाण्यात जळून गेली, एवढे तरी मराठी वाचकाने विसरू नये.